हलणार नाही, साहेब

दुपारी तीनच्या सुमाराला नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांवर एक सुस्ती उतरलेली असते. मालक नुकताच डबा खाऊन हात धुऊन आलेला, पोऱ्या शटरच्या सावलीत रील्स बघत बसलेला. अशा वेळी गिऱ्हाईक आलं की मालकाला ते नकोच असतं, पण तसं तोंडावर दाखवत नाही. माझ्या मेहुण्याने "जीपमध्ये फोन लावायचाय, पक्का होल्डर दाखवा" म्हटल्यावर त्याने मागच्या फळीवरून एकेक खोकं काढून काउंटरवर मांडायला सुरुवात केली. प्रत्येक खोक्याबरोबर वाक्य एकच, "हलणार नाही, साहेब."

मग त्याला जरा जोर चढला. "खड्ड्यात घाला, काही होणार नाही."

"खड्ड्यातच घालायचाय," मेहुणा म्हणाला.

"गाडी कुठली?"

"फाइव्ह फोर्टी."

मालकाने काही न बोलता निम्मी खोकी परत फळीवर ठेवली.

महिंद्राची एमएम 540 ज्यांनी चालवली आहे, किंवा तिच्या मागच्या बाकावर आडवं बसून कंबर मोडून घेतली आहे, त्यांना ती खोकी का परत गेली हे सांगायला नको. प्यूजोचं डिझेल इंजिन, समोर सपाट काच आणि डॅशबोर्ड म्हणजे निव्वळ पत्रा. एसीच नाही, त्यामुळे एसीच्या जाळीत अडकवायचे क्लिपवाले सगळे बाद. नव्या थारवाल्यांचं बरं असतं. जाळी आहे, उन्हाळ्यात त्याच गार वाऱ्यात फोनही थंड राहतो. पण मेहुण्यासमोर नव्या थारचं कौतुक करायचं नसतं, एवढं मला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

राहिले काचेला चिकटणारे. त्यांच्याबद्दल माझं मत पहिल्यापासून वाईट आहे. काचेवर धुळीचा थर असतो, उन्हाने रबर कडक होतं, आणि एप्रिलमधल्या एखाद्या दुपारी उभ्या गाडीत तो गडी कुणाचं काही नसताना आपला आपण खाली उतरतो. मग लोक त्या कपाला थुंकी लावून परत दाबतात. स्पिरिटने काच पुसून लावला तर बराच टिकतो हेही खरं. पण जीपमध्ये स्पिरिट कोण बाळगतंय. आणि 540ची काच तर खिट्ट्या काढून बॉनेटवर आडवी पाडता येते. मेहुण्याने हौसेने ती गाडी घेतली त्यात ही काच पाडण्याची हौस मोठी. म्हणजे फोन जाणार बॉनेटवर, आभाळाकडे तोंड करून.

त्यानंतर लांब लवचीक दांडीचा निघाला. मालकाने त्यात स्वतःचा फोन अडकवून काउंटरवर जरा थापटी मारली, तर तो कीर्तनात डुलणाऱ्या म्हाताऱ्यासारखा कितीतरी वेळ मान हलवत राहिला. मालकालाही हसू आलं. गणित साधं आहे. फोन असतो दोनशे ग्रॅमच्या आसपास. पण चाक दगडावरून खाली आदळलं की त्या क्षणापुरता तो कितीतरी जड होतो, आणि दांडी जेवढी लांब तेवढा तो भार बुडाशी जास्त ओढ घेतो. दांडी आखूड हवी आणि सांधे कमी हवेत. हे मी तिथे बोलून दाखवलं तर मेहुणा म्हणाला, "दाजी, तुम्ही गप बसा, भाव वाढतोय."

शेवटी ड्रॉवरच्या तळातून ती वस्तू निघाली. एक इंचाचा काळा रबरी गोळा, त्याला दोन्ही बाजूंनी धरणारी आखूड दांडी, आणि दांडीच्या मधोमध फुलपाखरी स्क्रू. स्क्रू पिळला की दोन वाट्या गोळ्याला अशा आवळतात की हाताने फिरवू म्हटलं तरी फिरत नाही. पद्धत अमेरिकेतल्या रॅम कंपनीची. वजनदार वस्तूंसाठी त्यांचा दीड इंचाचा गोळाही मिळतो. समोरची वस्तू मूळची होती की कुणी बघून बघून केलेली, ते आम्ही विचारलं नाही, मालकानेही सांगितलं नाही. रबर मात्र चांगलं होतं. नख रुतत होतं आणि सोडल्यावर खूण राहत नव्हती. इंजिनाची बारीक थरथर ते रबर पिऊन टाकतं. ती थरथर नुसता डोळ्यांना त्रास देते असंही नाही. 2021 साली ॲपलनेच लिहून जाहीर केलं, की मोठ्या मोटरसायकलच्या इंजिनाची थरथर हँडलमधून सरळ फोनमध्ये शिरत राहिली तर कॅमेऱ्यातली चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणाच बिघडू शकते. मेहुण्याचं म्हणणं, त्यांनी 540 पाहिलेली नाही, नाहीतर तिचंही नाव घातलं असतं.

फक्त एक अडचण. गोळ्याच्या बुडाला चार भोकांची पट्टी होती, 30 बाय 38 मिलिमीटरवर, जगभर चालणारा ठरलेला साचा. म्हणजे डॅशबोर्डला चार भोकं पाडणं आलं. मेहुण्याने पाकीट काढलं, पैसे दिले आणि त्या विषयावर तो घरी येईपर्यंत बोलला नाही.

मला एक खोड आहे. गाडीतली खडखड मला ऐकवत नाही. खडखड असू नये असं नाही, ती कुठून येते ते कळलं पाहिजे. दुसऱ्याच्या गाडीत बसलो तरी बोलता बोलता माझा हात डॅशबोर्डवर फिरतो, एक बोट इथे दाबून बघ, एक तिथे. आवाज थांबला की जागा सापडली. मग खिशातल्या कागदाची घडी करून फटीत सारायची. एकेकाळी एसटीच्या तिकिटासारखी घडी कशाची होत नसे. आता हॉटेलची बिलं सारतो, पण त्या चकचकीत कागदात दम नाही. बायको म्हणते, माणसं गाडीतून उतरताना वस्तू विसरतात, तुम्ही कागद विसरता. तर अशा माणसाने 540मध्ये बसावं हीच मुळात शिक्षा आहे. तिथे कुठलं कुठलं दाबणार? दाराला कॅनव्हास, हुडाच्या नळ्या, जॅक, मागची साखळी, सीटखालचं टूलबॉक्स. सगळं मिळून जो एक आवाज होतो त्याला खडखड म्हणत नाहीत, त्याला गाडी चालू आहे असं म्हणतात. आणि एवढ्यात आम्हाला फक्त फोन तेवढा स्थिर हवा होता.

गंमत अशी, की फोनच्या नकाशातल्या ज्या निळ्या ठिपक्यासाठी हे सगळं चाललं होतं, तो कुठे स्थिर असतो? वीस हजार किलोमीटर वरून उपग्रह त्याला जागा सांगतात, मोकळ्या आभाळाखालीसुद्धा चारपाच मीटर इकडे तिकडे. झाडीत आणि खिंडीत त्याहून वाईट. रेंज गेली तरी तो चालतो, हा त्याचा मोठा गुण. नकाशा आधी उतरवून घेतलेला असला की झालं. पण गाडी लोमध्ये, म्हणजे जोर जास्त आणि वेग कमी अशा जोडगिअरात, पहिल्या गिअरला, माणसाच्या चालीने निघाली की त्याला आपलं तोंड कुणीकडे आहे तेच समजेनासं होतं आणि नकाशा आपल्याभोवती गरगर फिरायला लागतो. मला चारपाच मीटर चालतात. काचेपुढे दोन मिलिमीटर चालत नाहीत.

लोहचुंबकाचा होल्डर मी सुचवून पाहिला होता. आख्खा डॅश पत्र्याचा, भोक नको, टेप नको. मेहुणा म्हणाला, फोनमधलं होकायंत्र वेडं होतं. ते खरंच आहे. पण मी सुचवला तो काही विचार करून नाही. मला आठवली होती कराड-ढेबेवाडी वडाप, माणसं कोंबून नेणारी खाजगी जीप.

कराडच्या स्टँडबाहेर महिंद्राच्या कमांडर जीप उभ्या असायच्या. "ढेबेवाडी, ढेबेवाडी, चला लगीच." लगीच म्हणजे पुढे चार, मधे पाच, मागे मोजदाद नाही, आणि टपावर करडई तेलाचे डबे चढल्यावर. ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एक माणूस बसायचा, त्यामुळे खुद्द ड्रायव्हर गाडीत तिरका. गिअरची दांडी ज्याच्या दोन गुडघ्यांच्या मधे यायची त्याने प्रत्येक चढाला गुडघे उघडायचे आणि उताराला मिटायचे, हे कुणी शिकवलेलं नसायचं. माझी जागा आजीच्या मांडीवर, डॅशबोर्डला नाक लागेल इतक्यावर.

त्या डॅशबोर्डवर एक लोहचुंबक होतं. फुटक्या स्पीकरमागचं काढलेलं, काळं, वाटोळं, कडेला एक टवका उडालेलं. त्याला चिकटलेलं काय नव्हतं? चुन्याची पत्र्याची डबी, दहाचा पाना, एक किल्ली, ब्लेडचं अर्धं पातं आणि या सगळ्याच्या वर पत्र्याच्या चौकटीतला जोतिबा, काचेवर गुलाल. चिल्लरही तिथेच. कुणी उतरताना पैसे दिले की ड्रायव्हर न बघता ते तिकडे फेकायचा. रुपया आणि आठ आणे चट् करून चिकटायचे, कारण ती नाणी नुकती स्टीलची झाली होती. दोन रुपयाचं मात्र चिकटायचं नाही, ते घरंगळत खाली पायात यायचं आणि मग चढावर एका हाताने स्टिअरिंग धरून ड्रायव्हर वाकून ते शोधायचा. आजी डोळे मिटून घ्यायची. मला कळेना, हा दोनचं नाणं फेकतो कशाला, खिशात का ठेवत नाही? पण तो प्रत्येक वेळी फेकायचाच. मी एकदा हळूच बोटाने त्या चिकटलेल्या आठ आण्याची कड उचलून पाहिली. सुटता सुटेना, आणि सोडल्यावर पुन्हा आपण होऊन जाऊन बसलं. "बारक्या, हात नगं लावू. देव हाय तितं," ड्रायव्हर रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. त्याला दिसलं कसं, हे मला त्या प्रवासातलं सगळ्यात मोठं आश्चर्य वाटलं होतं.

त्या रस्त्यावर इतके खड्डे होते, पण जोतिबा कधी हललेला आठवत नाही. आता आठवणीतल्या गोष्टी हलत नाहीतच म्हणा.

तर भोकं. मेहुण्याने ती काही पाडली नाहीत. "आधी बघू या एकदा कसा बसतोय," म्हणून बुडाची पट्टी दुहेरी टेपने डॅशला चिकटवली आणि पावसाळा संपता संपता आम्ही पानशेतच्या पुढे घोळच्या बाजूला गेलो. खरं सांगायचं तर होल्डर उत्तम होता. इतका, की माझ्या मनाला चुटपुट लागली. मी काहीतरी दोष सापडेल म्हणून बसलो होतो. माझे दात वाजत होते आणि फोनवरची अक्षरं वाचता येत होती.

पुढे एका ठिकाणी पाण्याने रस्ता खालून खाल्ला होता. उजवीकडे कातळ, डावीकडे मुरमाची सुटलेली कड आणि तिच्याखाली काय ते झाडीमुळे दिसत नव्हतं. मेहुण्याने गाडी थांबवून लो टाकला आणि मला म्हणाला, "दाजी, तुम्ही पुढं उभं रहा. फक्त हात दाखवायचे. बोलायचं नाही, ऐकू येणार नाही." मी उतरून पुढे गेलो, उलटा चालत दोन्ही हात वर धरले. उजवं चाक कातळावर चढलं, गाडी डावीकडे कलली. मी डाव्या हाताने थांब म्हणून सांगितलं. गाडी थांबली नाही. वीतभर आणखी पुढे आली. मग मी ओरडलो, आणि ती थांबली.

काचेमागे त्याचं तोंड मला दिसत होतं आणि माझ्याकडेच बघत होतं. मग त्याने मान जरा बाजूला केली, आणि मला कळलं. त्याच्या डोळ्यांच्या आणि माझ्या डाव्या हाताच्या मधे बरोबर तो फोन उभा होता. आखूड दांडीवर, अगदी पक्का, तसूभर न हलता. 2020 सालापासून कायदाही म्हणतो, की रस्ता शोधण्यापुरता फोन चालेल, पण चालवणाऱ्याचं लक्ष ढळता कामा नये. इथे लक्ष ढळलं नव्हतं. लक्ष होतं, आणि मधे फोन होता.

त्याने स्क्रू सैल केला, दांडी खाली पडली, फोन डॅशवर पालथा. मग आम्ही उरलेलं पार केलं. पलीकडे गेल्यावर त्याने इंजिन बंद केलं आणि दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. मग तो उतरून डाव्या चाकाशी गेला, कडेपासून टाचेने अंतर मापलं आणि परत येऊन बसला. किती होतं ते मी विचारलं नाही. घरी दोघांनीही सांगितलेलं नाही.

आता त्याचं म्हणणं, होल्डर खाली हवा, घड्याळांच्या शेजारी, काचेच्या रेषेच्या पार खाली. तिथे टेप बसत नाही, पत्र्याला वळण आहे. म्हणजे भोकंच. ड्रिल मशीन चार्ज करून ठेवलंय. स्केचपेनने चार ठिपके काढलेत, 30 बाय 38, गुण्याने तपासून. ज्या माणसाने याच गाडीला वेल्डिंग करून पाइपांचा पिंजरा चढवला, बंपर कापला, मडगार्ड कापलं, तो या चार भोकांपाशी अडून बसलाय. भोकातून गंज धरतो म्हणतो. मी म्हटलं, रेड ऑक्साइड लाव. तर म्हणतो, मूळचा पत्रा आहे दाजी, एकदा भोक पडलं की पडलं.

ठिपके तसेच आहेत. मधे गाडी धुताना एक पुसट झाला होता, तो त्याने परत गिरवून घेतला. दिवाळीनंतर बघू म्हणतो.