शिफारसपत्रं कुणाकडून घ्यायची? माझा अनुभव

अमेरिकेत व्हेट स्कूलला, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांच्या (व्हेटच्या) कॉलेजला अर्ज करताना माझी झोप उडवली ती शिफारसपत्रांनी. मार्क पडायचे ते पडून गेलेले, कामाचे तास वहीत मांडलेले. पण आपल्यामागे कोण काय लिहील, ते थोडंच आपल्या हातात असतं?

तिथल्या बहुतेक कॉलेजांचे अर्ज व्हीएमकॅस या एकाच पोर्टलवरून जातात. किमान 3 पत्रं लागतात, जास्तीत जास्त 6 चालतात. त्यातून प्रत्येक कॉलेजची अट निराळी. कुणाला एक पत्र व्हेटचंच हवं, कुणाला शिकवलेल्या प्राध्यापकाचं. या अटी मी आधी एका कागदावर उतरवून काढल्या आणि मगच माणसं शोधायला लागले.

तरी पहिला मेल केला तो विभागप्रमुखांनाच. नाव मोठं, त्यांच्या विषयात मला ए. तासाभरात उत्तर आलं, ‘सीव्ही पाठवा, त्यावरून लिहितो.’ म्हणजे अर्जात आहे तेच पुन्हा त्यांच्या सहीने! आभार मानून विषय तिथेच सोडला. त्यांच्याऐवजी फिजिऑलॉजीच्या मॅडमना विचारलं. त्यांच्या पहिल्या परीक्षेत मी सपशेल आपटले होते आणि नंतर दर आठवड्याला त्यांच्या केबिनबाहेर उभी असायचे. दुसरं पत्र प्राण्यांच्या निवाऱ्याच्या व्यवस्थापकांचं. ते व्हेट नाहीत, पण त्यांनी मला दोन वर्षं पिंजरे धुताना पाहिलंय.

विचारताना एक वाक्य मी ठरवून वापरलं: ‘माझ्याबद्दल ठोस काही लिहिता येईल असं तुम्हाला वाटतं का?’ समोरच्याला नाही म्हणायला वाट राहते. एका डॉक्टरांनी खरंच सांगितलं, ‘मी तुला जेमतेम आठवडाभर पाहिलंय.’ तेव्हा वाईट वाटलं, पण त्यांनी उपकारच केले. एकदा आलेलं पत्र पोर्टलवरून काढता येत नाही.

विनंती पाठवताना पोर्टल विचारतं, पत्र वाचण्याचा हक्क सोडणार का? 1974च्या कायद्याने विद्यार्थ्याला तो हक्क मिळतो. मी सोडला. विद्यार्थी वाचणार नाही म्हटल्यावर लिहिणारा मोकळेपणाने लिहितो आणि वाचणाराही त्यावर जास्त विसंबतो.

व्हेटच्या पत्रासाठी मी क्लिनिकमधल्या डॉक्टरबाईंना धरलं. सगळ्यात जास्त तास त्यांच्याच हाताखाली भरले होते. त्या म्हणाल्या, ‘लिहिते की. ते वजनाचं प्रकरण लिहू ना?’

मला घामच फुटला. झालं होतं असं की, एका कुत्र्याचं वजन 22 पौंड, म्हणजे 10 किलो. मी केसपेपरवर लिहिलं 22 किलो. भुलीचं औषध वजनावर ठरतं, डोस दुपटीहून जास्त गेला असता. डॉक्टर सिरिंज घेणार एवढ्यात माझं लक्ष गेलं आणि मी ओरडलेच, ‘थांबा, माझी चूक झालीये!’ त्यांनी कागद पाहिला, आकडा खोडला, शेजारी सही केली आणि कामाला लागल्या. पुन्हा त्या विषयावर एक अक्षर नाही.

आणि आता हे पत्रात? नको म्हणायला तोंड उघडलं होतं, पण म्हटलं, ‘तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा.’

प्रवेश मिळाला. हक्क सोडलेला असल्याने त्यांनी ते लिहिलं की नाही, मला आजही माहीत नाही. क्लिनिकमध्ये जाते तेव्हा विचारावंसं वाटतं आणि दर वेळी राहून जातं.