मायनसमधली उजनी आणि चिलापीची जाळी

पुणेकरांची उजनीशी ओळख हिवाळ्यात होते. भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) उतरले की कॅमेरे घेऊन गाड्या निघतात, होडीतून चक्कर होते, थाळी होते आणि संध्याकाळी सगळे घरी. मला मात्र हे पाणी उन्हाळा संपता संपता बघायचं होतं. पर्यटक गेलेले असतात, धरण मायनसमध्ये, म्हणजे उपयुक्त साठ्याच्याही खाली गेलेलं असतं आणि हिवाळ्यात पक्षी दाखवणारे नावाडी पुन्हा जाळ्यांकडे वळलेले असतात, तेव्हा. म्हणून मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कुंभारगाव गाठलं. पुण्याहून सोलापूर रस्त्याने भिगवण साधारण 105 किलोमीटर. ते मागे टाकलं की डाव्या हाताला उसाच्या फडांमधून वाट आत जाते.

वाट संपली तरी पाणी काही दिसेना. हिवाळ्यात जिथे होडीत बसतात तिथे भेगाळलेली काळी माती होती आणि तिच्यावरून पंपांचे काळे पाइप लांबवर गेलेले होते. पाणी जसं मागे सरकतं तसे शेतकरी मोटारी पुढे सरकवतात, चाऱ्या खणतात, पाइपाला पाइप जोडतात. उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत काहींनी चारा पेरला होता. त्या चिखलात परातीएवढे गोल खळगे रांगेने पडलेले दिसले. मला वाटलं जनावरांच्या बसण्याच्या जागा असतील. सोबतचे तात्या म्हणाले, "चिलापीची घरं हायती ती. नर करतो खड्डा. पाणी व्हतं तवा हितं कमरेएवढं व्हतं." चिलापी म्हणजे टिलापिया मासा.

तात्या आणि काकू दोघं मिळून मासेमारी करतात. काकू वल्हं मारतात, तात्या जाळं सोडतात. इथल्या बऱ्याच होड्यांवर अशीच नवरा-बायकोची जोडी दिसते. भोई समाजातली ही माणसं. तात्यांचे वडील भीमेत मासे धरायचे, वाहत्या नदीत. धरण झालं आणि नदीचा समुद्र झाला.

उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं. त्याचा एकूण साठा 117 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास, पण त्यातला उपयुक्त साठा 53.57 टीएमसी आणि मृतसाठा 63.66 टीएमसी. टक्के मोजतात ते उपयुक्त साठ्याचे, त्यामुळे निम्म्याहून जास्त पाणी शून्य टक्क्यांच्या खाली आहे. म्हणून 'उजनी उणे वीस', 'उजनी उणे तीस' अशा बातम्या येतात तेव्हा धरणात ठणठणाट नसतो, पात्र आक्रसलेलं असतं. 2024 च्या उन्हाळ्यात तर ते उणे 60 टक्क्यांच्या जवळ गेलं होतं. सोलापूरच्या प्यायच्या पाण्याला आणि उसाला हा काळ घोर लावणारा. मासेमारीचं गणित निराळं आहे. मैलोनमैल पसरलेला फुगवटा आवरतो, उथळ खाड्या सुटतात आणि मासळी जुन्या नदीपात्राच्या खोल पट्ट्यात गोळा होते. तिला कुठे शोधायचं हे ज्याला कळलं त्याची जाळी भरतात.

ते कसं कळतं, हे मला त्या संध्याकाळी पाण्यावर समजलं, आणि या प्रवासातलं सगळ्यात मोलाचं मला तेच वाटतं.

जाळी लावायला आम्ही साडेपाचला निघालो. पत्र्याची चपटी होडी, मधे जाळ्यांचा ढीग, वरच्या दोरीला थर्माकोलचे तुकडे, खालच्या दोरीला वजनं. ऊन अजून पाठ भाजत होतं. तात्या समोरच्या टेकडीकडे आणि मागच्या एका विजेच्या खांबाकडे बघून काकूंना सांगत होते, "जरा वरल्या अंगाला घे. हितं विहीर हाय." विहीर पाण्याखाली होती. पुढे गेल्यावर म्हणाले, इथे चिंच होती, तिचं खोड अजून उभं आहे, जाळं अडकतं. मग पांदीचा रस्ता आला. मग एका घराचं जोतं. मासेमारीच्या त्यांच्या सगळ्या जागांची नावं ही बुडालेल्या शिवाराची नावं आहेत. मोठ्या विहिरीपाशी शिंगटा मिळतो, कारण तो दगडाच्या कपारीला राहतो. ओढ्याच्या जुन्या तोंडाशी चिलापी जमते. बांधाच्या कडेला वाम. गाव उठलं तेव्हा तात्या लहान होते. वडिलांनी होडीत बसवून त्यांना हे शिकवलं, आणि ज्यांची ती शेतं होती त्यांच्यातले काही जण तेव्हा होडीत येऊन बसायचे, माझी विहीर कुठे आली ते दाखव म्हणायचे.

धरणासाठी उठलेल्या गावांबद्दल आपण वाचतो ते आकड्यांत. इथे एक माणूस वल्ह्याच्या टोकाने पाण्यावर रेघ ओढून सांगतो की या बांधापलीकडे अमक्यांचं वावर. पळसदेवला पाणी फार खाली गेलं की पळसनाथाचं जुनं दगडी देऊळ उघडं पडतं आणि ते बघायला लोक लांबून येतात. त्यातला देव केव्हाच वरच्या नव्या गावात नेलेला. देऊळ बघायला जरूर जावं, पण भोवतालचं सगळं शिवार कोणाच्या डोक्यात जिवंत आहे ते बघायचं तर मासे धरणाऱ्यांबरोबर बसावं.

जाळी सोडायला तासभर लागला. हे जाळं पाण्यात भिंतीसारखं उभं राहतं. मासा त्यात डोकं घालतो, अंग जाड असल्यामुळे पुढे जाता येत नाही आणि मागे फिरताना कल्ल्यांत दोरा अडकतो. म्हणजे आसाच्या, जाळ्यातल्या भोकाच्या, मापावरून ठरतं की कोणता मासा धरायचा आणि कोणता सोडायचा. तात्यांनी आसात तीन बोटं घालून दाखवली. त्याहून बारीक मासा आरपार निघून जातो, पुढच्या वर्षासाठी.

पहाटे साडेचारला परत पाण्यावर. उन्हाळ्यात लवकर निघायचं कारण नुसतं ऊन नाही. शेवाळाने हिरवं झालेलं पाणी दिवसा प्राणवायू सोडतं, पण रात्री तेच शेवाळ तो वापरतं. उजाडायच्या आधी पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. मासळी गुदमरून वर येते, तोंडं उघडून पृष्ठभागाशी श्वास घेते. होडीच्या बाजूला ती 'पुक पुक' मला ऐकू येत होती. जाळ्यात अडकलेला मासा या दिवसांत फार तग धरत नाही, आणि उन्हं वर आली की त्याला वास लागायला वेळ लागत नाही. म्हणून घाई.

पहिलं जाळं वर आलं ते चिलापीने भरूनच. करड्या, खवल्यांच्या, पाठीवर काटेरी पंख ताठ उभा केलेल्या. चिलापी मूळची आफ्रिकेतली, भारतात ती 1952 मध्ये आणली गेली. मादी अंडी तोंडात धरून उबवते, पिल्लांना धोका वाटला की ती पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. रोहू, कटला, मृगळ असं काही करू शकत नाहीत. ते साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, पावसाळ्यात लोंढा आला की नदीत वर चढतात. म्हणून त्यांचं बीज आणून सोडावं लागतं आणि चिलापी आपली आपण वाढते. उजनीवरची चूल आज चिलापीवर पेटते असं काकू म्हणाल्या, ते खरं आहे. त्या सकाळी एक चांगला जाड कटला, चार-दोन रोहू आणि दोन शिंगटे मिळाले, बाकी होडीचा तळ चिलापीने भरला.

मधेच एक काळा, खडबडीत, ठिपक्यांचा मासा आला आणि तात्यांचा चेहराच उतरला. सकर. अमेझॉनच्या खोऱ्यातला हा मासा शोभेच्या टाक्यांमधून जगभरच्या नद्यांमध्ये पसरला आहे. अंगावर हाडांचं चिलखत, पंखांना टणक काटे. त्याला कोणी विकत घेत नाही आणि तो जाळं फाडून ठेवतो. त्या एकाला सोडवायला तात्यांना दहा मिनिटं लागली, तोवर काकू वल्ह्यावर होडी स्थिर धरून होत्या. जाळ्याचा वीतभर तुकडा गेला. घरातल्या टाकीतला मासा मोठा झाला म्हणून नदीत सोडणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा येऊन बघावं.

परतताना पश्चिमेला काळं आलं. काकूंनी काही न बोलता होडी काठाकडे वळवली, दोन जाळी तशीच पाण्यात ठेवून. उजनीवर वळवाचं वारं सुटलं की अडवायला काही नसतं, मिनिटांत लाटा उठतात. 21 मे 2024 रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी होडी अशाच वाऱ्यात उलटली आणि 6 जणांचा जीव गेला. पलीकडच्या काठाला जायला रस्त्याने मोठा वळसा पडतो, त्यामुळे लोक होडीने ये-जा करतात. काठावर पोचेपर्यंत कोणी बोललं नाही. पाऊस शिंतोडे टाकून निघून गेला. मग तात्या राहिलेली जाळी आणायला पुन्हा गेले, मला काठावर ठेवून.

भिगवणच्या बाजारात सकाळी लिलाव. मासा जातीप्रमाणे, मापाप्रमाणे वेगळा ओततात, बर्फाचा चुरा, ओल्या फरश्या, आडतदाराचा चढता आवाज. मी एका ढिगापाशी थांबले. त्यातल्या चिलापी बोटाएवढ्या होत्या. हे वडापचं काम. बारीक आसाचं जाळं मोठ्या टापूवर ओढून जे येईल ते काढायचं, त्याला इथे वडाप म्हणतात. त्याला बंदी आहे, इथले मासेमार त्याविरुद्ध ओरड करत आले आहेत, तरी तो मासा बाजारात येतो. पाणी आटलेलं असतं आणि मासळी एका जागी कोंडलेली असते तेव्हा, म्हणजे नेमकं या दिवसांत, वडापने सर्वांत जास्त नुकसान होतं. आपण विकत घेताना बारीक मासा नाकारला तर ढिगाला गिऱ्हाईक उरणार नाही. एवढं पुण्यातल्या मंडईत उभं राहूनही करता येतं.

आणि पाण्याबद्दल. मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि भीमा उजनीत येते. पुणे-पिंपरीचं जेवढं सांडपाणी प्रक्रिया न होता नदीत जातं ते सगळं इथे पोचतं, आणि त्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ पोसतं. काठावर हिरव्या रंगासारखं पाणी बघून मला संताप आला. मी पुण्यात राहते, नळ सोडते, आणि ते पाणी काकू रोज ज्यात हात घालतात तिथे येतं. काकूंच्या हातांना खाज सुटते, पुरळ उठतं, त्या खोबरेल लावून पुन्हा जाळ्याला बसतात. नदीकाठ सुशोभित करण्याआधी सांडपाणी शुद्ध करा ही मागणी पुण्यात होते, ती उजनीच्या काठावर बसून ऐकली की जास्त निकडीची वाटते.

दुपारी काकूंनी चिलापीचं कालवण केलं. कांदा-खोबरं भाजून वाटलेलं, लसूण भरपूर, चिंचेचा कोळ, तिखट घरचं. रस्सा पातळ, ज्वारीची भाकरी कुस्करून खायचा. शिंगटा मात्र तव्यावर, नुसतं हळद-तिखट-मीठ लावून. शिंगट्याला एकच मधला काटा, मांस घट्ट आणि गोड. चिलापीत काटे जास्त, पण रस्स्याला चव तिचीच.

जायचं असेल तर मे चा शेवटचा आठवडा ते पाऊस लागेपर्यंतचे दिवस धरा. कुंभारगावात घरगुती मुक्कामाची सोय होते, पण आधी फोन करून मासेमारीला सोबत नेतील का ते विचारा. त्यांच्या कामाच्या वेळेचे पैसे द्या, पक्षी बघायच्या फेरीएवढे तरी. लाइफ जॅकेट मागून घ्या, नसेल तर होडीत बसू नका. आभाळ भरलं आणि नावाडी नको म्हणाला तर हट्ट धरू नका. परत येताना मासळी न्यायची असेल तर बर्फाचा डबा पुण्याहूनच भरून घ्या, आणि लिलाव संपायच्या आत बाजार गाठा.