उनोला नोडएमसीयूची जोड

कुंड्यांना आपोआप पाणी घालणारं माझं यंत्र आर्डुइनो उनो या छोट्या, प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डवर व्यवस्थित चालत होतं. चार कुंड्या, ओलावा मोजणारे चार सेन्सर आणि रिलेवर (विजेने चालणाऱ्या स्विचवर) एक छोटा पंप. मग वाटू लागलं, मातीची हालत फोनवर दिसली पाहिजे. माझ्या उनोला वायफाय नाही. नोडएमसीयू या दुसऱ्या बोर्डला आहे, पण त्यातल्या ईएसपी८२६६ या चिपला अ‍ॅनालॉग इनपुट (सेन्सरचं कमीजास्त व्होल्टेज मोजणारी पिन) एकच, तर उनोला सहा. तेव्हा दोघांत कामं वाटून टाकली. मोजणं आणि पंप उनोकडे, इंटरनेट नोडएमसीयूकडे.

याचा टीएक्स (पाठवणारी पिन) त्याच्या आरएक्सला (ऐकणाऱ्या पिनेला), त्याचा टीएक्स याच्या आरएक्सला, एवढीच जोडणी केली. मात्र उनो ५ व्होल्टचा आणि ईएसपी ३.३ चा. म्हणून उनोच्या टीएक्सवर १ आणि २ किलोओहमचे रेझिस्टर लावून व्होल्टेज दोन तृतीयांशावर आणलं. उलट बाजूने काही लागत नाही, कारण ३ व्होल्टच्या वरचं सगळं उनो 'हाय' (म्हणजे १) धरतो. ० आणि १ या पिनांना हात लावला नाही. तिथे दुसरा बोर्ड जोडलेला असला की यूएसबीवरून कोड चढताना अडतो. सॉफ्टवेअर सिरीयलसाठी, म्हणजे साध्या पिनांवरून कोडच्या मदतीने बोलण्यासाठी, १० आणि ११ घेतल्या, वेग सेकंदाला ९६०० बिट.

तरी सिरीयल मॉनिटरवर (बोर्डकडून आलेला मजकूर दाखवणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या खिडकीत) नुसता कचरा. दोन संध्याकाळी मी कोडची ओळ न् ओळ तपासली आणि चूक कोडमध्ये नव्हतीच. दोन्ही बोर्ड वेगवेगळ्या चार्जरवर होते आणि त्यांचे ग्राउंड (शून्य व्होल्टच्या पिना) एकमेकांना जोडलेलेच नव्हते. एक काळी तार खोचली आणि समोर आलं: ४१२,३८८,५०१,२९०. चार कुंड्या, चार आकडे. कितीतरी वेळ मी ते बदलताना बघत बसलो.

दुसरा घोळ जास्त घाबरवणारा होता. फोनवरून पंप चालवायला मी एकच अक्षर पाठवत होतो. नोडएमसीयू रीसेट केला की कधीकधी पंप आपसूक सुरू व्हायचा! ईएसपी चालू होताना आपल्या टीएक्सवर ७४८८० च्या वेगाने स्वतःची माहिती ओकतो. ९६०० वर ऐकणाऱ्या उनोला त्यातलं एखादं अक्षर हुकूम वाटायचं. मग नोडएमसीयूवरही सॉफ्टवेअर सिरीयल करून तारा डी५ आणि डी६ वर नेल्या. शिवाय प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला #, शेवटी नवी ओळ आणि मधे पूर्ण शब्द. या साच्यात न बसणारं उनो टाकून देतो. ज्या तारेवर पंप किंवा हीटर अवलंबून आहे, तिथे हे पहिल्या दिवसापासूनच करावं असं माझं ठाम मत आहे.

शेवटी राउटर मुद्दाम बंद केला. नोडएमसीयू पुन्हापुन्हा वायफाय शोधत राहिला, फोनवरचे आकडे थांबले. मी तिसऱ्या कुंडीतला सेन्सर उपसून कोरडा पुसला. रिले टकटकला आणि नळीतून पाणी आलं.