माणूस बघितला की कळतं

कंपन्यांना वरच्या पदांसाठी माणसं शोधून देणं हे माझं काम. चाकणच्या एका कारखान्याला सीईओ हवा होता. मालकी एकाच कुटुंबाची. यादी छाटत दोघांवर आली आणि त्या दिवशी निकाल लागायचा होता.

पहिले उंचेपुरे, रुंद जबड्याचे, आवाज खर्जातला. दुसऱ्यांचा चेहरा गोल, हनुवटी लहान, पन्नाशीतही पोरगेले दिसणारे. मात्र तोट्यातलं युनिट त्यांनी नफ्यात आणलेलं.

पहिले आत आले तसे सगळे सावरून बसले. प्रश्न आला, "पाच वर्षांत कंपनी कुठे न्याल?" दुसऱ्यांना विचारलं, "युनियनवाले तुमचं ऐकतील का हो?" म्हणजे एकाला स्वप्न विचारलं, दुसऱ्याकडून खुलासा मागितला. (चहासुद्धा पहिल्यांना कपबशीतून, दुसऱ्यांना कागदी कपातून!)

मी म्हटलं, "साहेब, दोघांनी लिहून दिलेले आराखडे नावं झाकून वाचू या." वाचले. बहुमत दुसऱ्यांच्या आराखड्याला. नावं उघडल्यावर चेअरमन म्हणाले, "कागदावर कुणीही हुशार असतो. डीलर मेळाव्यात स्टेजवर कोण शोभेल ते बोला. माणूस बघितला की कळतं."

त्यांच्या पुतण्याने, हा परदेशात एमबीए केलेला, लगेच निकोलस रूल आणि नलिनी अंबाडी या मानसशास्त्रज्ञांचा 2008 चा अभ्यास काढला: नुसते फोटो पाहून ज्या सीईओंना लोकांनी दमदार ठरवलं, त्यांच्या कंपन्यांचा नफा जास्त होता. खरं आहे. पण बड्या, नफ्यातल्या कंपन्याच असे चेहरे निवडत असतील तर? मी ड्यूक विद्यापीठातल्या ग्रॅहॅम, हार्वी आणि पुरी यांचं काम सांगितलं. सीईओंचे चेहरे इतरांपेक्षा कर्तबगार वाटतात, तसं वाटण्याचा पगाराशीही संबंध दिसतो. कंपनीच्या कामगिरीशी मात्र दिसत नाही. पुतण्याने मान डोलावली. चेअरमन घड्याळ बघत होते.

पद पहिल्यांना गेलं. दुसऱ्यांना सीओओ, म्हणजे सीईओच्या हाताखाली रोजचं कामकाज सांभाळणारा अधिकारी, व्हा म्हणून विचारायचं काम माझ्याकडे आलं. कारखाना, खरेदी, युनियन सगळं त्यांनीच बघायचं, पगार बराच कमी.

फोनवर त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि सीईओ काय करणार?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. त्यांनी नकार कळवला.