चिक्कीचा एक कागद

डिसेंबरात पुण्याहून दीर-जाऊ आणि त्यांची दोन पोरं आली होती. भावजी आल्या आल्या म्हणाले, "वहिनी, महाबळेश्वर नको हं, गाड्यांच्या लायनीतच निम्मा दिवस जातो." म्हणलं चला मग वासोट्याला, कोयनेच्या जंगलातल्या किल्ल्यावर. आता सातारकरांना यात नवीन काय, पण बाहेरच्या बऱ्याच जणांची गाडी कासच्या पठारावर येते, फुलांत फोटो काढते आणि तिथूनच माघारी फिरते. तोच रस्ता पुढं बामणोलीला उतरतो, तिथून शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, बोट, तासा-दीड तासाचं नुसतं पाणी आणि डोंगर, आणि पल्याड मेट इंदवलीला कोयना अभयारण्याचं जंगल.

तिथं उतरलं की वनखात्याची चौकी, आणि चौकीत सगळ्या पिशव्या उघडायच्या. हे मी मुद्दामच आधी सांगितलं नव्हतं! पाण्याच्या बाटल्या, बिस्किटाचे पुडे, वेफर्स, पोरांची चॉकलेटं, सगळं बाहेर काढून एकेक मोजतात, वहीत लिहितात आणि डिपॉझिट घेतात. येताना तेवढंच प्लास्टिक परत दाखवायचं. भावजी म्हणे विमानतळावर पण एवढं बघत नाहीत.

वाट चांगली दोन-अडीच तासांची, झाडी इतकी दाट की दुपारी बारालाही अंगावर ऊन येत नाही. वाटेत गव्याचं शेण दिसलं, एक शेकरू दिसलं, आणि धाकट्यानं ते दिसल्यावर जी किंकाळी मारली त्यानंतर अर्थात काहीच दिसलं नाही. वर बाबुकड्यावर उभं राहिलं की पलीकडं एकदम खाली कोकण. तिथं सगळे गप्प झाले, पोरंसुद्धा.

खरी गंमत उतरल्यावर. मोजणीत चिक्कीचा एक कागद कमी. सहा नेले, पाच आले. भावजी दमलेले, म्हणाले ठेवा तुमचं डिपॉझिट, बोट निघायची वेळ झाली. चौकीवरचे मामा शांतपणे म्हणाले, "पैसं नकोत साहेब, कागद बघा." परत पिशव्या उलट्या केल्या, एकमेकांवर डाफरून झालं, जाऊबाईंनी तर दोन्ही पोरांचे बूट काढायला लावले, आणि शेवटी कागद निघाला भावजींच्याच मागच्या खिशात. जाऊबाई बोटीत बसेपर्यंत हसत होत्या.

पण मला हीच पद्धत आवडते. 'निसर्ग वाचवा'च्या पाट्या आपण सगळीकडं लावतो आणि त्या पाटीच्या बुडख्यालाच बाटल्या पडलेल्या असतात. मोजलं की माणूस सुधारतो, साधी गोष्ट आहे. कासलाही आसपासच्या गावांची समिती पठार सांभाळायला लागली, फी आली, दिवसाला किती माणसं सोडायची त्यावर मर्यादा आली, तेव्हा कुठं फुलांना जरा श्वास मिळाला. कास, कोयना, चांदोली हे सगळं २०१२ पासून जागतिक वारशात आहे, कोयना-चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्याकडची वाघीण आणून चांदोलीत सोडली. वासोट्याचं जुनं नाव व्याघ्रगड, बघा म्हणजे.

आता कोयनेकाठच्या या पट्ट्यात सरकारचं 'नवीन महाबळेश्वर' हे नवं थंड हवेचं ठिकाण येणार म्हणतात, आराखड्यात सुरुवातीलाच २३५ गावं घेतली होती. मी काही आंधळा विरोध करणारी नाही. इथली चांगली जमीन धरणाखाली गेली, घरटी एक तरी माणूस मुंबईला माथाडीत नाहीतर कुठंतरी राबतोय, त्यांना इथं काम मिळालं तर कुणाला नको आहे? पण मिळणार कुणाला, हा माझा प्रश्न. आम्ही बामणोलीत जेवलो त्या काकूंना आदल्या दिवशी फोन केलेला, तर नाचणीची भाकरी, माशाचं कालवण, ठेचा, सगळं चुलीवरचं, आणि पैसे सरळ त्यांच्या हातात. उलट मागं एकदा आम्ही पाण्याकाठच्या एका रिसॉर्टवर उतरलेलो (नाव नाही घेत), जेवणात पनीर बटर मसाला, वाढणारी पोरं सगळी बाहेरची, आणि रात्री साडेअकरापर्यंत डीजे. पाण्यावरनं आवाज किती लांब जातो माहितीये का, पार पल्याडच्या वाडीत भांडी वाजत असतील. ज्या शांततेसाठी माणूस येतो तीच घालवायची आणि वर बिलात लावायची.

तर जायचं असेल तर पावसाळा सोडून जा, तेव्हा वासोटा बंदच असतो. शनिवार-रविवार टाळा, सकाळी लवकर बामणोली गाठा कारण परवानगी, बोट यात वेळ जातो आणि मुक्कामाला वर राहता येत नाही, अंधाराच्या आत माघारी यायलाच लागतं. वाटाड्या गावातलाच घ्या. घरून डब्यात पोळी-भाजी आणि स्टीलच्या बाटल्या घेतल्या तर चौकीत मोजायला काही उरतच नाही, आपलाच वेळ वाचतो.

फेब्रुवारीत आम्ही मैत्रिणी परत चाललोय, मधल्या वारी. बोटीचं भाडं सगळ्या बोटीचं असतं, त्यामुळं जितकी डोकी तितकं स्वस्त, अजून तीन जागा आहेत. स्पीकर आणणाऱ्यांनी कृपया विचारू नये.