दुबईची ग्रॅच्युइटी आणि कायद्याचा खरा मजकूर शोधण्याची रीत: माझा अनुभव

आखातात नोकरी करणाऱ्यांच्या रत्नागिरी-रायगडकडच्या घरांतून एक प्रश्न नेहमी येतो: राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटी कापतात का? इंटरनेटवर याची दोन उलट उत्तरं मिळतात आणि दोन्हींना कलमाचा आधार दिलेला असतो. कारण साधं आहे. संयुक्त अरब अमिरातीचा १९८० चा ८ क्रमांकाचा कामगार कायदा रद्द होऊन २०२१ चा ३३ क्रमांकाचा संघीय कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला. पण जुन्या कायद्याच्या इंग्रजी पीडीएफ अजून जागोजागी पडून आहेत आणि शोधात त्याच वर येतात.

फरक किती पडतो, ते बघा. मूळ पगार ३,००० दिरहम, नोकरी सलग ४ वर्षं. पहिल्या ५ वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार मिळतो. महिना ३० दिवसांचा धरला तर रोज १०० दिरहम, म्हणजे ८,४०० दिरहम. जुन्या कायद्यात बेमुदत करारावरच्या माणसाने ३ ते ५ वर्षांच्या दरम्यान राजीनामा दिला, तर यातले दोन-तृतीयांशच, म्हणजे ५,६०० मिळत. नव्या कायद्यात राजीनाम्यामुळे होणारी ही कपात राहिलेली नाही. जुनी पीडीएफ वाचून हिशेब मांडणारा माणूस २,८०० दिरहम हक्काने मागायचे सोडून देतो.

म्हणून मी कायदा शोधण्याआधी करारपत्र मागवतो. नोकरी कुठल्या कायद्याखाली येते, हे आधी ठरायला हवं. मुख्य भूभाग आणि बहुतेक फ्री झोन (कंपन्यांसाठी वेगळे नियम असलेली खास क्षेत्रं) इथल्या खाजगी नोकऱ्यांना २०२१ चा कायदा लागतो. दुबई इंटरनॅशनल फायनान्शियल सेंटर आणि अबू धाबी ग्लोबल मार्केट यांचे नोकरीचे कायदे मात्र स्वतंत्र आहेत. पहिल्या ठिकाणी तर २०२० पासून ग्रॅच्युइटीऐवजी मालकाने दरमहा निधीत रक्कम भरायची पद्धत आहे. घरकामगार, घरचे ड्रायव्हर, स्वयंपाकी यांच्यासाठी २०२२ चा ९ क्रमांकाचा वेगळा कायदा आहे. इथे गल्लत झाली की पुढचं सगळं वाचन वाया जातं.

मग अमिराती सरकारच्या ‘यूएई लेजिस्लेशन’ या संकेतस्थळावर जायचं. तिथे ‘ग्रॅच्युइटी’ असा विषय टाकण्यापेक्षा कायद्याचा क्रमांक आणि वर्ष टाकावं, नेमकं पान लवकर हाती लागतं. विषयावरून क्रमांक काढायचा असेल तर मनुष्यबळ मंत्रालयाची माहितीपानं चांगली. पण ती वाटाड्या म्हणून वापरावीत, मजकूर कायद्यातूनच घ्यावा. पान उघडल्यावर मी लगेच ग्रॅच्युइटीच्या ५१ व्या कलमावर उडी मारत नाही. कायदा लागू आहे की रद्द, दुरुस्त्या कुठल्या, हे आधी बघतो. मग व्याख्यांचं पहिलं कलम. ‘मूळ पगार’ म्हणजे करारात लिहिलेला, भत्ते सोडून उरलेला पगार, हे तिथे कळतं. घरभाडं-प्रवासभत्ता धरून केलेले हिशेब इथेच कोसळतात. त्यानंतर ५१ वं कलम: किमान एक वर्ष सलग नोकरी हवी, ५ वर्षांपुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचा पगार, बिनपगारी रजेचे दिवस वजा, एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगाराहून जास्त नाही. ५३ वं कलम सांगतं की नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत सगळी देणी चुकती झाली पाहिजेत. कायद्यासोबत २०२२ चा मंत्रिमंडळाचा १ क्रमांकाचा ठराव, म्हणजे नियमावली, हीही वाचावी लागते. अर्धवेळ कामाची ग्रॅच्युइटी कशी मोजायची, असे तपशील तिच्यात आहेत.

दुरुस्त्या शोधायचा कंटाळा करू नये. दावा करायची मुदत मूळ मजकुरात एक वर्षाची होती. २०२४ च्या ९ क्रमांकाच्या दुरुस्तीने ती नोकरी संपल्यापासून दोन वर्षं झाली. २०२२ साली उतरवून ठेवलेली प्रत वाचणाऱ्याला हे कळणारच नाही. ब्रिटनमध्येही असंच: २००४ च्या हाउसिंग ॲक्टचा मूळ मजकूर वाचला, तर घरमालकाने भाडेकरूच्या अनामतीबाबतचे सोपस्कार १४ दिवसांत पुरे करायचे आहेत, सुधारित मजकुरात ते ३० दिवस आहेत. ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळावर दोन्ही आवृत्त्या शेजारी-शेजारी असतात, म्हणून कुठली उघडली आहे ते बघूनच पुढे वाचावं.

इंग्रजी भाषांतर समजण्यापुरतं असतं. वाद झाला तर अरबी मजकूर चालतो, त्यामुळे कलमाची अरबी प्रतही काढून ठेवतो आणि दोन्हींवर उतरवल्याची तारीख लिहितो. प्रकरण आपल्याकडच्या न्यायालयात आलं तर ही प्रिंट पुरेशी होत नाही. परदेशी कायदा तिथे पुराव्याने सिद्ध करावा लागतो, आणि त्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ खाली तज्ज्ञाचं मत घेतलं जातं. अमिरातीत मात्र तक्रार आधी मनुष्यबळ मंत्रालयाकडे जाते आणि ५०,००० दिरहमपर्यंतच्या दाव्यांचा निर्णय मंत्रालयच देऊ शकतं. करारपत्र, शेवटच्या पगाराची स्लिप आणि कलमानुसार मांडलेला हिशेब तक्रारीसोबत जोडावा.