बाटली भरायला गेले होते

स्टाफच्या ग्रुपवर बाईंच्या सेंड-ऑफचे फोटो आलेत. दोनदा झूम करून बघितले. साडीची घडी, समोसे, मागे फळा, फळ्यावर माझ्याच अक्षरात 'निरोप समारंभ', आणि मी नाही. कशी असेन, फोटोच्या वेळी मी बाटली भरायला गेले होते ना. बाटली भरलेलीच होती.

एवढंसं आहे खरं. पण संध्याकाळपासून डोक्यातून जात नाहीये, भाजी करपली तीही त्यातच.

बाईंबरोबर दिसू नका असं कुणी म्हटलं नव्हतं. पण विनाअनुदानित तुकडीवरच्या मुलींच्या पगाराचं निवेदन बाईंनी लिहिलं, त्यावर २३ पैकी चौघांच्या सह्या, आणि लगेच बदली, मग वेगळं सांगायला कशाला लागतंय. साडीच्या वर्गणीत मात्र मी सगळ्यांपेक्षा जास्त दिले, पाचशे.

आणि नेमकं आत्ताच ते सेप्टिमा क्लार्कचं वाचायला घेतलंय. अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनची काळी शिक्षिका. १९१६ साली अठराव्या वर्षी जॉन्स आयलंडवर नोकरीला लागली, कारण शहराच्या सरकारी शाळांत काळ्या शिक्षकांना घेतच नव्हते. १३२ पोरं आणि शिकवायला दोघी, गोऱ्यांच्या शाळेत पोरं तीन. (आणि आम्ही पटसंख्येचं रडगाणं गातो.) नवरा लवकर गेला, मुलाला त्याच्या आजी-आजोबांकडे ठेवावं लागलं, ते मी भराभर वाचून पुढे गेले, ते नको आत्ता. १९५६ मध्ये राज्याने कायदा केला, सरकारी नोकराने एनएएसीपीचं, म्हणजे काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचं, सभासद राहायचं नाही. हिने सभासदत्व सोडलं नाही. ४० वर्षांची नोकरी गेली, पेन्शन गेली. मग हिने ७२६ काळ्या शिक्षकांना पत्रं लिहिली की आपण मिळून विरोध करू. उत्तरं आली २६.

ते बाकीचे सातशे काही डोळ्यासमोरून हलत नाहीत. पत्र आलं असेल, वाचलं असेल, घडी करून पुस्तकात ठेवलं असेल.

पुढे तर कहर आहे, तिच्याच मैत्रिणींच्या मंडळाने तिच्या मदतीसाठी पार्टी ठेवली, आणि तिच्याबरोबर फोटोला कुणी उभी राहीना. इथे मी पुस्तक पालथं घातलं. पाचशे रुपये!

मला काय हौस आहे का पण? ह्याचं ते तसं झाल्यापासून घराचा हप्ता माझ्या एकटीच्या पगारावर, आणि आई... जाऊ दे. दर ३ जानेवारीला सावित्रीबाईंवरचं भाषण मुलींकडून मीच बसवून घेते, शेणगोळ्यांच्या वाक्याला आवाज कसा चढवायचा तेही मीच शिकवते, आणि माझं कुणाला काही पडलेलं नाही.

रात्री परत उघडलं पुस्तक. नोकरी गेल्यावर ती टेनेसीतल्या हायलँडर शाळेत, म्हणजे चळवळीतल्या मोठ्या माणसांना शिकवणाऱ्या शाळेत, काम करत होती, आणि १९५७ च्या जानेवारीत जॉन्स आयलंडवरच मोठ्यांचा वर्ग सुरू झाला, किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत, पुढून गोऱ्यांना कळू नये म्हणून. गंमत म्हणजे शिकवायला शिक्षिका घेतलीच नाही! बर्नीस रॉबिन्सन, पार्लरवाली. गिऱ्हाईक सगळं आपलंच, तिला कामावरून कोण काढणार. नाव लिहायला शिकवायचं ते असं, की पुठ्ठ्यावर नाव लिहून द्यायचं आणि त्यावरूनच पेन्सिल फिरवायची, परत परत, हाताला वळण बसेपर्यंत. मतदार यादीत यायचं तर राज्यघटनेतला उतारा वाचायला लागायचा आणि सही करायला लागायची. म्हणजे शेतात राबलेली, उतारवयाची माणसं पुठ्ठा झिजवून सही शिकत होती, आणि त्या सातशेंना ती आधीपासूनच येत होती.

मलाही येते. मस्टरवर रोज करते, चांगली वळणदार.

मघाशी ग्रुपवर 'बाई, सॉरी' टाइप केलं, पुसलं. 'मिस यू' केलं, तेही पुसलं. शेवटी अंगठा टाकला. अंगठा! बी.एड. आहे मी. एकटीच हसत बसले स्वयंपाकघरात, ह्याने आतून विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही.

क्लार्कबाईंची पेन्शन १९७६ ला परत सुरू झाली, वीस वर्षांनी. तेव्हा फोटोला किती जणी आल्या असतील? सगळ्याच, बहुतेक. केस विंचरून.

बाईंची कापडी पिशवी माझ्या कपाटात राहिलीय, डब्याचं झाकण आणि लाल पेन. नवीन शाळा दोन बस बदलून आहे. उद्या शनिवार, सकाळची शाळा, अकराला सुटते.